आठवणीतला डायनॉसॉर आणि पडद्यावरचा डायनॉसॉर

सायंतारा

गेल्या आठवड्यात दोन जुने गेम लागोपाठ खेळले. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

पहिला गेम टूम रेडर, १९९६ चा. खेळायची माझी मोठी बहीण. मी शेजारी बसून "मागे बघ, मागे बघ!" ओरडायचे. त्यातली ती हरवलेली दरी आठवते? एवढा वेळ नुसते लांडगे आणि छोटे डायनॉसॉर, आणि मग अंधारातून धावत येणारा टी-रेक्स. मी त्या रात्री दिवा लावून झोपले होते. त्याच्या कातडीच्या सुरकुत्या, ओलसर दात, सगळं मला आजही डोळ्यांपुढे दिसतं.

या वेळी तो आला आणि मी बघतच राहिले. सुरकुत्या नाहीत, दातही धड नाहीत. काही त्रिकोण एकमेकांना चिकटवलेत आणि त्यावर धूसर चित्र गुंडाळलंय. नायिका लाराचे हातही पुठ्ठ्याच्या खोक्यांसारखे. खरं सांगते, वाईट वाटलं. कुणीतरी आपली वस्तू बदलून ठेवावी तसं.

दुसऱ्या दिवशी जरा घाबरतच सुपर मारिओ ब्रदर्स लावला, १९८५ चा. तो जसाच्या तसा! एक ठिपका इकडचा तिकडे नाही.

म्हणजे अकरा वर्षांनी जुना असलेला गेम ताजा आणि नंतरचा गेम म्हातारा, असं कसं? माझ्या आठवणीनेच सुरकुत्या भरल्या का? तुमचे कुठले गेम टिकले, कुठले नाही, आणि तुम्हाला त्याचं काय कारण वाटतं? नुसतं "गेले ते दिवस" नको, खरंच समजून घ्यायचंय.

चौकोनी_ढग

मस्त धागा. आवडीचा विषय, त्यामुळे लांबण लागणार.

मारिओ टिकला कारण त्याने खरं दिसायचा प्रयत्नच केला नाही. करूच शकत नव्हता. त्या यंत्रावर एका हलत्या चित्राला तीन रंग मिळायचे, चौथा पारदर्शक. मारिओ पहिल्यांदा आला तो १९८१ च्या डाँकी काँगमध्ये. तेव्हा त्याला टोपी मिळाली कारण एवढ्याशा जागेत केस काढणं अवघड, शिवाय उडी मारताना ते हलताना दाखवावे लागले असते. मिशी दिली की नाक वेगळं दिसतं आणि तोंड काढावं लागत नाही. डांगरी घातली की हात अंगापासून वेगळे दिसतात. मारिओचे जनक मियामोतोंनी हे स्वतः अनेकदा सांगितलंय. म्हणजे त्या चेहऱ्यातली प्रत्येक गोष्ट ठिपक्यांच्या हिशेबातून आली आहे, आणि तरीही तो माणूस जिवंत वाटतो!

आणि ढग? माझ्या नावामागचं गुपित तेच. सुपर मारिओतले ढग आणि खालची झुडपं हे एकच चित्र आहे, रंग तेवढा वेगळा. सगळा गेम ४० केबीमध्ये बसवायचा होता. आज फोनमधला एक साधा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट असतो. हे कळलं त्या दिवशी मी गेम परत लावला आणि पहिली लेव्हल निव्वळ ढग बघत चाललो. दोनदा मेलो.

रात्रपाळी

@सायंतारा, टूम रेडरची दुसरी बाजू मांडतो. १९९६ ला ठिपक्यांची चित्रकला चांगली मुरलेली होती, वीसेक वर्षांचा हात बसलेला होता. घरच्या यंत्रावरचं थ्रीडी मात्र तेव्हा नुकतं रांगायला लागलं होतं. आपण एका कलेचा कळस आणि दुसरीचं बालपण शेजारी ठेवून बघतोय.

तुम्ही पहिल्या प्लेस्टेशनवर खेळला असाल तर तिथली गंमत अजून वेगळी. त्यातल्या चित्रांच्या भिंती थरथरतात, फरशा वाकतात, आठवतंय? त्याला नेमकी कारणं आहेत. त्रिकोणाचे कोपरे ठिपक्याच्या मधोमध कुठे ठेवायची सोयच नव्हती, ते पूर्ण ठिपक्यावरच बसायचे. त्यामुळे कॅमेरा सावकाश सरकला की कोपरे टुणटुण उड्या मारतात. दुसरं म्हणजे त्रिकोणावर चित्र गुंडाळताना लांबचं-जवळचं याचा हिशेब नव्हता, म्हणून मोठ्या फरशीवरच्या सरळ रेघा नागमोडी व्हायच्या. तिसरं म्हणजे कुठली वस्तू पुढे आणि कुठली मागे हे ठिपक्यागणिक तपासणारी स्मृतीच नव्हती. त्रिकोण क्रमाने लावून मागून पुढे रंगवायचे. क्रम चुकला की मागची भिंत क्षणभर पुढे.

निन्टेंडो ६४ मध्ये हे तिन्ही दोष नव्हते. पण तिथे गुंडाळायची चित्रं साठवायला फक्त ४ केबीची जागा. म्हणून त्याचे गेम स्थिर पण पुसट, लोणी फासल्यासारखे.

त्या काळातल्या ज्यांनी हे ओळखून काम केलं त्यांचे गेम अजून छान दिसतात. क्रॅश बँडिकूट १९९६ चाच आहे. त्यात क्रॅशच्या अंगावर बहुतेक ठिकाणी चित्र गुंडाळलेलंच नाही, सरळ रंगीत त्रिकोण आहेत. चित्रच नाही म्हणजे ते वाकडं होण्याचा प्रश्नही नाही. आज मोठ्या पडद्यावर लावा, तो स्वच्छ दिसतो.

पानगळ

रात्रपाळी, +१. एवढी वर्षं मला वाटायचं आमचं यंत्रच बिघडलेलं होतं. आम्ही ते उलटं ठेवूनसुद्धा खेळून बघितलं होतं. आज उलगडा झाला.

जुनाजाणता

सगळे गेमबद्दल बोलताय, पडद्याबद्दल कुणीच नाही!

सायंतारा, तुमची आठवण खोटी नाही. तुम्ही तेव्हा जे बघितलं ते आज तुमच्यासमोर नाहीच आहे. जुन्या काचेच्या टीव्हीवर ठिपका असा चौकोनी, धारदार नसायचा. तो शेजारच्यात थोडा मिसळायचा, दोन ओळींत बारीक काळी फट राहायची, उजळ रंग जरा पसरायचे. चित्रकार हे बघून काढायचे. सोनिक, १९९१. पहिल्याच जागेतले धबधबे. आज सपाट पडद्यावर बघितलं तर उभ्या पट्ट्या दिसतात, एक पट्टी पाण्याची, एक रिकामी. तेव्हाच्या वायरीतून तेव्हाच्या टीव्हीवर त्या पट्ट्या एकमेकींत विरघळायच्या आणि पाण्याआडचं दिसायचं. खऱ्या पारदर्शकतेची सोय नसलेल्या यंत्रात नुसत्या पट्ट्यांनी पाणी पारदर्शक केलं!

अजून एक. कॅसलव्हेनियाचा १९९७ चा भाग, सिम्फनी ऑफ द नाइट. ड्रॅक्युलाच्या चेहऱ्यात डोळ्याच्या जागी एक लाल ठिपका आहे. आजच्या पडद्यावर तो लाल चौकोन दिसतो. काचेच्या टीव्हीवर तोच डोळा निखाऱ्यासारखा धुमसतो. ज्याने तो एक ठिपका तिथे ठेवला त्याला मी मनापासून नमस्कार करतो.

म्हणून जुन्या गेमला नव्या पडद्यावर बघून "एवढंच होतं होय" म्हणणं मला पटत नाही. पणतीच्या उजेडात बघायचं चित्र आपण ट्यूबलाइटखाली धरतोय.

शून्यगाळा

जुनाजाणता, तुमचा प्रतिसाद आवडला, पण सगळं श्रेय टीव्हीला देऊ नका. मी टीव्हीवर कधी खेळलोच नाही. माझं सगळं बालपण संगणकाच्या मॉनिटरवर गेलं, आणि तिथे ३२० बाय २०० चं चित्र ओळी दुप्पट करून दाखवायचे, त्यामुळे ठिपके चांगले ठसठशीत चौकोनी दिसायचे. मी तेच चौकोन बघून प्रेमात पडलो.

मला विचाराल तर टिकते ती हालचाल. प्रिन्स ऑफ पर्शिया घ्या, १९८९. त्या राजपुत्राला डोळे-नाक काही नाही. पण तो धावताना थांबतो तेव्हा पाय घसरवत थांबतो. कड्याला लोंबकळतो तेव्हा आपल्याच खांद्याला ओढ बसते. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यातली एकेक चौकट गिरवली. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हूड चित्रपटातलं द्वंद्व वापरलं. त्या ठिपक्यांत खऱ्या माणसाचं वजन आहे. ते कुठल्याही पडद्यावर दिसतं.

आणि त्यातली सावली! गेम ॲपल टू या संगणकावर बनत होता आणि स्मृती संपत आली होती. दुसरं पात्र घालायला जागाच नव्हती. मग राजपुत्राचंच चित्र एक ठिपका सरकवून त्याच चित्रावर असं टाकलं की जिथे दोन्ही जुळतात तिथे पुसलं जाईल. उरली ती लुकलुकणारी भुताटकी आकृती. नवं चित्र एकही नाही, आणि गेमचा खलनायक तयार.

अबोली२२

शून्यगाळा, काटा आला!! ती सावली! आरशातून उडी मारायची, आणि आपल्यातूनच तो बाहेर पडून उलट दिशेला निघून जायचा. पुढे आपण ज्या बाटलीसाठी जिवावर उदार होऊन पोहोचतो ती हा समोर पिऊन टाकतो. मला त्याचा इतका राग होता. शेवटी तो समोर येतो तेव्हा मी त्याला तलवार मारली की मीच मरायचे. कितीदा मेले देव जाणे. ६० मिनिटांचा काटा चालूच. एकदा हताश होऊन तलवार म्यान केली, तर त्यानेही केली. मी पुढे गेले, तोही आला, आणि आम्ही एक झालो.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. एवढं मोठं काहीतरी आपल्याला कुणी न सांगता कळलं, हा अनुभव मला नंतर फार कमी वेळा आला. त्याला चेहरा असता तर एवढं आत गेलं असतं का, माहीत नाही. नसलेल्या चेहऱ्यावर मी माझाच चेहरा लावला होता.

सायंतारा, तुझ्या सुरकुत्यांचंही तेच असेल बघ. त्यांनी काढल्या नाहीत, तू काढल्यास. त्या खोट्या नव्हेत.

खटपट्या

वाचनखूण साठवली. सावलीची गोष्ट माहीत नव्हती.

माझी भर डूममधून, १९९३. त्यातले काही राक्षस आधी मातीचे केले, मग कॅमेऱ्याने टिपून संगणकात घेतले आणि ठिपक्या-ठिपक्याने सफाई केली. प्रत्येक राक्षस आठ बाजूंनी. म्हणून त्यांच्यात हाताने घडवलेल्या मूर्तीचा ओबडधोबडपणा आहे. तीन वर्षांनी त्याच चमूने क्वेक काढला, त्यात राक्षस खरे थ्रीडी झाले. तंत्र कितीतरी पुढचं. पण आज दोन्ही शेजारी ठेवले तर मला डूमचा राक्षस जास्त राक्षस वाटतो. क्वेकच्या प्रकाशाला आणि दगडी अंधाराला मात्र तोड नाही, ते कबूल करतो.

धूमकेतू

इथे बहुधा मी सगळ्यात लहान. माझा जन्म २००४ चा, त्यामुळे तुमच्या बऱ्याच गेमची मला आठवणच नाही. सगळे गेल्या तीन-चार वर्षांत पहिल्यांदा खेळलो, म्हणून माझं मत उपयोगी पडेल कदाचित.

सुपर मारिओ, टेट्रिस, यॉशीज आयलंड, अनदर वर्ल्ड हे मला जुने वाटलेच नाहीत. यॉशीज आयलंड तर रंगीत खडूंनी काढल्यासारखा. तो कालच बनवला म्हणून कुणी सांगितलं असतं तरी मी मानलं असतं. अनदर वर्ल्ड १९९१ चा, साधे सपाट रंगांचे बहुकोन, पण काय ते आकाश!

याउलट २००० ते २००८ मधले "खरेखुरे" दिसणारे बरेच गेम मला बघवत नाहीत. सगळं तपकिरी, सगळीकडे चकाकी, आणि चेहरे मेणाचे. मॅक्स पेन (२००१) गेम म्हणून फार आवडला. पण त्याच्या चेहऱ्यावर खऱ्या माणसाचा फोटो चिकटवलाय, त्यामुळे गोष्टीत काहीही होवो, चेहऱ्यावर एकच भाव. मला सवय व्हायला दोन तास लागले.

पण रात्रपाळी, तुम्ही ज्यांना दोष म्हणालात ते थरथरणारे कोपरे आणि वाकड्या फरशा मला चक्क आवडतात. सायलेंट हिल (१९९९) पहिल्यांदा खेळलो तेव्हा भिंती थरथरत होत्या आणि मला वाटलं हे मुद्दामच केलंय, गाव आजारी आहे म्हणून. आता तर नवे भयपट-गेम बनवणारे मुद्दाम तीच थरथर घालतात. तुमच्या वेळची उणीव आमच्या वेळी शैली झाली.

रात्रपाळी

धूमकेतू, हे वाचून फार बरं वाटलं. दोष हा शब्द मागे घेतो. सायलेंट हिलचं धुकंही यंत्राला लांबचं रस्ते-घरं रंगवणं जमत नव्हतं म्हणून आलं. पण त्या लोकांनी धुक्यालाच गोष्टीत घेतलं, आणि रेडिओची खरखर दिली: काहीतरी जवळ आलंय, दिसत मात्र नाही. आज धुक्याशिवाय त्या गावाची कल्पनाच करवत नाही.

स्पेस इन्व्हेडर्सचंही तसंच. १९७८. शत्रू कमी होत गेले की उरलेले वेगाने सरकतात, ते मुळात रंगवायला कमी उरले म्हणून प्रोसेसर मोकळा व्हायचा. गेम बनवणाऱ्या निशिकादोंनी ते दुरुस्त न करता तसंच ठेवलं. शेवटच्या एका शत्रूची ती धावपळ, छातीचे ठोके, सगळं तिथून आलं.

तिरपी_रेघ

जरा उलट बोलतो, रागावू नका. मर्यादेतून कला जन्मली हे खरं, पण म्हणून मर्यादाच पुण्यवान होती असं नाही. ज्या यंत्रावर मारिओ चालायचा त्यावर एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दिसायची. नववं आलं की गायब, म्हणून ती आळीपाळीने दाखवायचे आणि सगळं लुकलुकायचं. ऐन गर्दीत गोळी दिसेनाशी व्हायची आणि आपण मरायचो. यात कसली कला? स्टार फॉक्स (१९९३) मी जीव लावून खेळलो, कॅसेटमध्येच वेगळी चिप घालून थ्रीडी दाखवणारा गेम, पण तो अडखळत चालायचा. आज मला तो खेळवत नाही.

आणि आपल्याला लक्षात राहिलेत ते चांगलेच. त्याच मर्यादेत बनलेले शेकडो गचाळ गेम होते. एकाच कॅसेटमध्ये भरलेल्या त्या अगणित गेमपैकी पाच सोडून बाकीचे कुणाला आठवतात का? काळाने चाळणी लावली आहे, आणि आपण चाळणीवर उरलेलं बघून सगळं धान्यच असं होतं म्हणतोय.

चौकोनी_ढग

तिरपी_रेघ, चाळणीचा मुद्दा मान्य. पण मग प्रश्न उरतोच ना, की चाळणीवर तेच का उरले?

पाऊलखूण

पहिल्यांदाच लिहितोय. इतकी वर्षं नुसता वाचायचो.

मला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही, जन्मापासून. आजचे गेम मला अनेकदा झेपत नाहीत, आणि कारण गुंतागुंत नाही. गवत खरं, पाचोळा खरा, सावली खरी, शत्रूचा गणवेशही खऱ्यासारखा मळका. मला गवतातला माणूस दिसतच नाही. आता बऱ्याच गेममध्ये रंगांसाठी वेगळी सोय असते, त्याबद्दल कृतज्ञ आहे. तरी पहिल्या अर्ध्या तासात मी सेटिंगमध्येच अडकलेला असतो.

जुन्या गेममध्ये मला हा त्रास कमी व्हायचा. तीनच रंग, त्यामुळे आकारावरूनच सगळं कळलं पाहिजे असं काढलेलं. कासव ते कासव, कवक ते कवक. आणि गेमबॉय! १६० बाय १४४ ठिपके, हिरवट रंगाच्या चार छटा, बस्स. त्यावर टेट्रिस खेळताना मित्रांना जे दिसायचं तेच मला दिसायचं. त्या पडद्यापुढे आम्ही सगळे सारखे होतो. इतर सगळ्या खेळांत कुणीतरी "अरे, तो लाल, लाल!" ओरडायचं. टेट्रिसमध्ये कुणी ओरडलं नाही. मी आमच्यात सगळ्यांत जास्त गुण करायचो.

ग्राफिक्स टिकले का, हे ठरवताना मी एवढंच बघतो: मला दिसतंय का.

अबोली२२

पाऊलखूण, लिहीत राहा. हा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला.

जुनाजाणता

पाऊलखूण, _/\_

तुमच्यावरून आठवलं. गेमबॉय ॲडव्हान्स आला २००१ मध्ये, त्याच्या पडद्याला आतून उजेड नव्हता. दिव्याखाली तिरका धरून खेळायचो. म्हणून अनेक गेमचे रंग मुद्दाम भडक, फिकट-उजळ ठेवलेले असत. तेच गेम आज लखलखत्या पडद्यावर लावले की धुतल्यासारखे पांढुरके दिसतात आणि लोक चित्रकाराला नावं ठेवतात. रंग दुरुस्त करणारं सेटिंग एम्युलेटरमध्ये (जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) असतं, ते नक्की चालू करा.

अवांतर: बदकं मारायच्या त्या बंदुकीचं काय झालं कुणाला माहीत आहे का? सपाट टीव्हीवर चालत नाही म्हणून मुलीने मला वेड्यात काढलं.

शून्यगाळा

नाहीच चालणार. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा होता. म्हणजे गोळी बंदुकीतून सुटायची नाही, टीव्हीतून बंदुकीत यायची! हे सगळं काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं होतं. नवे पडदे चित्र दाखवायला किंचित उशीर करतात, तेवढ्यात बंदुकीचा डोळा मिटलेला असतो. मुलीला सांगा, बाबांचा नेम बरोबर होता.

खटपट्या

मूळ विषयाकडे येतो. जुन्या गेमना नवे कपडे घालतात, त्याबद्दल कुणी बोललं नाही अजून.

डायाब्लो टू (२०००) ची नवी आवृत्ती २०२१ मध्ये आली. त्यात संगणकावर "जी" हे बटण दाबलं की क्षणात जुनं रूप, परत दाबलं की नवं. खाली जुनाच गेम चालतो, वर नवं चित्र. मी पहिले दोन दिवस नुसतं ते बटणच दाबत बसलो होतो. गंमत म्हणजे डोक्यातला गेम नव्या चित्राशी जुळत होता. जुनं दाबलं की "छे, एवढं धूसर नव्हतं" असं व्हायचं. सायंताराला जे झालं तेच. चांगलं नूतनीकरण आठवणीला साजेसं चित्र काढतं.

आणि बिघडतं कसं तेही २०२१ मध्येच बघितलं. सॅन अँड्रियास (२००४) च्या नव्या आवृत्तीत सुरुवातीला जुनं धुकं काढून टाकलं. डोंगरावर चढलो, तर तिन्ही शहरं एका नजरेत, हाकेच्या अंतरावर. जो प्रदेश मला एखाद्या राज्याएवढा वाटायचा तो अंगणाएवढा निघाला. धुकं होतं म्हणून रस्ता लांब होता. पुढे २०२४ मध्ये जुन्यासारख्या प्रकाशाचा पर्याय दिला, तेव्हा कुठे परत तिथे फिरावंसं वाटलं.

धूमकेतू

@खटपट्या, झेल्डा मालिकेतल्या विंड वेकरची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. २००० मध्ये झेल्डाची खरीखुरी दिसणारी तलवारबाजी दाखवली होती, सगळे तसाच गेम येणार म्हणून बसले. पुढच्या वर्षी दाखवलं ते मोठ्या डोळ्यांचं कार्टून. लोक किती चिडले होते ते मी वाचलंय. गेम जपानमध्ये २००२ मध्ये आला. आज त्या काळचे "खरे" गेम काढा आणि हा काढा. त्याचा समुद्र आणि धुराची ती वेटोळी अजून ताजी आहेत. एचडी आवृत्ती २०१३ मध्ये काढली तेव्हा चेहऱ्यांना फारसा हातही लावावा लागला नाही.

पानगळ

ग्राफिक्स टिकण्याआधी गेम तर टिकला पाहिजे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली होती: अमेरिकेत २०१० च्या आधी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज तिथे रीतसर विकत मिळत नाहीत. तिरपी_रेघ, तुमची चाळणी काळाने लावली असं तुम्ही म्हणालात. मला वाटतं बरंचसं धान्य चाळणीपर्यंत पोहोचलंच नाही. माझा सगळ्यात लाडका गेम एका फ्लॉपीवर होता. त्याचं नावही मला आता नीट आठवत नाही, फक्त एक जांभळी गुहा आणि डाव्या कोपऱ्यात दिवा. वीस वर्षं शोधतेय. तो वाईट दिसत असेल तर दिसू दे.

तिरपी_रेघ

पानगळ, हे मनाला लागलं. तुम्ही त्या गुहेचं वर्णन वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहा. पात्र कसं होतं, कुठली बटणं, साधारण वर्ष. इथले लोक शोधून काढतील, मीही बसतो.

सायंतारा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण तुमचं ऐकून प्रयोग करत होते.

जुनाजाणता, काचेचा टीव्ही नाही मिळाला, पण एम्युलेटरमध्ये तसं दाखवणारा फिल्टर लावला आणि चित्र छोट्या खिडकीत ठेवलं. लाराचे हात पुठ्ठ्याचेच राहिले, पण भिंती ओल्या दगडासारख्या दिसायला लागल्या. मग खटपट्याचं वाचून २०२४ ची नवी आवृत्ती घेतली. त्यातही एका बटणाने जुनं-नवं करता येतं.

भाचा आला होता, नऊ वर्षांचा. त्याला काही न सांगता खेळायला दिलं आणि मी शेजारी बसले. नव्या रूपात त्याने दरी बघितली, झाडं बघितली, "भारी आहे" म्हणाला. दरीच्या तोंडाशी मी बटण दाबून जुनं रूप लावलं. तो कुरकुरला, "हे कसलं, पुढचं काहीच दिसत नाहीये."

नाहीच दिसत. जुन्या रूपात थोड्या अंतरापलीकडे सगळं काळं होतं. रात्रपाळी, तुमचं सायलेंट हिलचं धुकं तेव्हा डोक्यात होतं, म्हणून मी या वेळी लारा सोडून त्या काळोखाकडेच बघत होते. मग पावलांचा आवाज आला. काळोखात आधी काहीच नव्हतं, मग थोडं कमी काळं काहीतरी, आणि मग एकदम तो.

भाचा किंचाळला. हातातला कंट्रोलर टाकून माझ्या मागे लपला. आणि मी, इतक्या वर्षांनी, त्याच्यावर ओरडले, "मागे नको बघू, पळ, पळ!"

ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "सुरकुत्या? कसल्या सुरकुत्या? तू तर सगळा वेळ डोळ्यांवर उशी धरून बसायचीस."

भाच्याने आता जुनंच रूप ठेवलंय. त्या दरीत तीन दातेरी चाकं शोधायची असतात, दोन मिळाली. तिसरं कुठे होतं कुणाला आठवतं का? व्हिडिओ नको म्हणतोय तो, फक्त इशारा द्या.

रात्रपाळी

त्याला म्हणावं, तो तुटका पूल खालून बघितलास, आता वर चढून बघ.